बाहेरचं पाणी

डब्याचं खरं नाव दीड ओळीचं होतं, पण घोटणे गावात त्याला सगळे डबाच म्हणत. दिसायला तो तीन पुडांच्या जेवणाच्या डब्यासारखाच होता. पहिल्या दिवशी मी तो पिशवीतून बाहेर काढला तेव्हा अण्णा चौगुल्यांनी झाकण निरखून पाहिलं आणि विचारलं, "वरच्या पुडात भाकरी हाय का भाजी?"

"वरच्या पुडात नदीचं पाणी घालायचं," मी म्हटलं. "चाळीस मिनिटांनी तो सांगतो, या पाण्यात कोण कोण राहतं."

"आमच्या गावात कोण कोण राहतंय ते सांगायला डबा लागत न्हाई पोरी. पारावर बसलं की कळतंय."

अण्णा तांबरी नदी मंडळाचे अध्यक्ष. तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले. मंडळाच्या जुन्या जीपला बॅटरी बसवून दहा वर्षं झाली होती, तिला गिअर उरलाच नव्हता, तरी अण्णांचा डावा हात तो शोधायचा. आणि मागे मी एकटी बसलेली असले तरी मान वळवून "बसले का सगळे?" असं विचारल्याशिवाय त्यांची गाडी हलत नसे. चिटणीस होत्या मुल्लाबाई, हायस्कुलात जीवशास्त्र शिकवणाऱ्या, कमी बोलणाऱ्या आणि बोलल्या की नेमकं बोट ठेवणाऱ्या. कागदावर मंडळाचे सभासद अकरा होते, नदीवर येणारे हे दोघेच.

मी ईश्वरी ढोले, इचलकरंजीची. शेवटच्या वर्षाला आठ आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची होती. मैत्रिणींनी पुण्यातल्या काचेच्या इमारती पटकावल्या. मी फॉर्म भरायला उशीर केला, आणि यादीत शेवटी नदी उरली. तेव्हा नदीवरचं प्रेम वगैरे काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. हुशारीचा तोरा मात्र भरपूर होता.

डबा काय करायचा तेही सांगते. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव स्वतःचा थोडा थोडा अंश पाण्यात सोडत असतो. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर, बेडकाची कात, पाणमांजराची विष्ठा, पाणी प्यायला उतरलेल्या म्हशीची लाळ. त्या प्रत्येक कणात त्या जीवाचा डीएनए असतो आणि प्रत्येक जातीचा डीएनए वेगळा असतो. लिटरभर पाणी बारीक गाळणीतून काढलं की हे कण गाळणीवर राहतात. डबा ते फोडतो, वाचतो आणि त्याच्याजवळच्या यादीशी ताडून बघतो. पूर्वी असं पाणी शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवून महिनाभर वाट बघावी लागे. आता काठावरच्या दगडावर बसून चहा संपेपर्यंत उत्तर मिळत होतं. मासा पकडायला नको, तो दिसायलाही नको.

मासे न दिसता साक्ष देऊ लागले म्हटल्यावर कायदाही बदलला. नदीच्या एखाद्या पट्ट्यात दुर्मीळ यादीतला मासा सात-सात दिवसांच्या अंतराने तीनदा नोंदला गेला, तर तो पट्टा आपोआप राखीव होऊ लागला. पिल्लांची नोंद मिळाली तर ती एकच पुरे, आणि ती लगेच लागू होते. आणि कायदा आला की पळवाट मागोमाग येतेच. एका गावाने म्हणे दुसऱ्या नदीवरची पाणमांजराची विष्ठा पिशवीत भरून आणली आणि आपल्या नदीत टाकली. गावात पाणमांजर नव्हतंच, डबा मात्र आहे म्हणाला. तेव्हापासून प्रत्येक नोंदीखाली नमुना घेणाऱ्याने एक प्रतिज्ञा करायची असते: 'या ठिकाणी बाहेरचं पाणी, मासा वा विष्ठा आणून सोडलेली नाही.' त्या वाक्यापुढे टिचकी मारल्याशिवाय नोंद पुढे सरकत नाही.

घोटण्याला हा मासा हवा होता. घाटाखालच्या तीन किलोमीटरच्या पट्ट्यात वाळू उपसायचं घाटत होतं. पूर्वीसारखी फावडी-ट्रक नव्हेत. बिनमाणसाचा एक तराफा येणार होता, जो स्वतःच फिरत फिरत तळ ओढून घेतो आणि मागे नुसता खड्डा ठेवतो. डिसेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी सुनावणी होती. पुस्तकात ज्याला महसीर म्हणतात त्या माशाला इथे खडशी म्हणत, आणि त्याला वाढायला गोटे आणि स्वच्छ वाळू लागते. चौदा किलोमीटर वर, देवडोहात, खडशी भरपूर होते. ते देवाचे मासे, त्यांना कुणी धरत नाही. घोटण्यात मात्र तीस-पस्तीस वर्षांत खडशी पाहिलेला माणूस नव्हता. निदान सगळे तसं सांगत होते.

पहिल्या सोमवारी घाटावरच्या सपाट दगडावर बसून मी बाटली बुडवली. सोमवारच का, तर अण्णांची जीप सोमवारी मोकळी असे. चाळीस मिनिटांनी डब्याच्या पडद्यावर कटला आला, मरळ आली, म्हैस आली, बगळा आला आणि शेवटी आला खडशी.

अण्णा उठून उभेच राहिले. "डबा माझ्याकडं दे. मी त्याची मिरवणूक काढतो."

दुसऱ्या सोमवारी खडशी, तिसऱ्या सोमवारी खडशी. मी तीनदा प्रतिज्ञेपुढे टिचकी मारली. दहा दिवसांत हरकत आली नाही किंवा नमुना घेणाऱ्याने नोंद मागे घेतली नाही, तर पट्टा राखीव. अण्णांनी पेढे वाटले. त्यातले दोन मी देवळाच्या गुरवकाकूंना नेऊन दिले, कारण मी राहत होते त्यांच्याच सोप्यातल्या खोलीत.

अनसूयाकाकू साठीच्या पुढच्या, एकट्या, पायाने चपळ आणि जिभेने त्याहून. मला रोज रात्री गरम भाकरी वाढायच्या आणि माझ्या कॉलेजबद्दल उलटसुलट प्रश्न विचारायच्या. दर सोमवारी पहाटे त्या तांब्याची कळशी घेऊन कुठेतरी जायच्या आणि आठाच्या सुमाराला परत यायच्या. कुठे, ते मी कधी विचारलं नाही. देवधर्मात नाक खुपसायचं नाही, असा माझा मोठा बाणेदार विचार होता. मी कूस बदलून झोपायचे.

चौथ्या रविवारी काकूंचा पाय सोप्याच्या पायरीवरून घसरला आणि घोटा टम्म सुजला. संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली.

"उद्याची कळशी तू आणशील?"

"कुठून?"

"देवडोहातनं. सोमवारचं पानी तिथलं लागतंय महादेवाला. साडेपाचची गाडी हाय." मग थांबून म्हणाल्या, "कळशी भुईला टेकवायची न्हाई. गाडीत मांडीवर धरायची."

आधी त्यांचे सासरे पाणी आणत, मग मालक. मालक गेल्यावर गावातल्या चार जाणत्यांनी बाईमाणसाने कळशी आणावी का यावर बराच खल केला. पण साडेपाचची गाडी पकडायला त्यांच्यातलं कुणीच तयार होईना, त्यामुळे शास्त्र गप्प बसलं. गेली एकतीस वर्षं काकूच आणत होत्या.

देवडोह मी पहिल्यांदाच पाहिला. पायऱ्यांवर बसून मूठभर चुरमुरे टाकले आणि पाणी उकळल्यासारखं झालं. हातभर लांबीचे, सोनेरी खवल्यांचे खडशी एकमेकांच्या अंगावरून चढत आले. एकाने माझ्या बोटातला चुरमुरा उचलला. त्याचं तोंड मऊ होतं, म्हाताऱ्या माणसासारखं. मी खुळ्यासारखी एकटीच हसले. मग त्याच गर्दीत कळशी बुडवली, भरली, ओल्या पंच्याने तोंड बांधलं आणि परतीच्या गाडीत ती मांडीवर धरून बसले. अंगावर पाणी सांडलं, थंडी वाजली, पण मला फार बरं वाटत होतं.

काकू काठी टेकत देवळापर्यंत आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातून कळशी घेतली आणि पिंडीवर धार धरली. पाणी पिंडीवरून उतरलं, गोमुखातून बाहेर आलं, दगडी पन्हळीतून खळखळत गेलं आणि घाटाशेजारी नदीत पडलं.

जिथे पडलं तिथून दहा पावलांवर माझा सपाट दगड होता.

मी तिथेच उभी राहिले. शंभर माशांच्या अंगाला घासलेलं पाणी दर सोमवारी आठ वाजता या पन्हळीतून खाली येत होतं, आणि दर सोमवारी नऊ वाजता मी तिथे बाटली बुडवून आनंदाने नाचत होते. आठवड्यात सात वार असतात. मी नेमका हाच धरला होता.

तरी खात्री हवी होती. पन्हळीच्या वरच्या अंगाला एक बाटली भरली, खालच्या अंगाला एक. वरच्या बाटलीत म्हैस, कटला, बगळा. खालच्या बाटलीत म्हैस, कटला, बगळा आणि खडशी. मला रडू आलं. थोडं खडशीसाठी आणि बरंचसं स्वतःच्या मूर्खपणासाठी.

दुपारी मंडळाच्या खोलीत मी दोघांना सगळं सांगितलं. अण्णांनी खुर्ची पुढे ओढली.

"म्हंजे मासा न्हाईच?"

"वर आहे. इथे आहे असं सांगता येत नाही."

"तीन दिवस गप बसायचं," अण्णा म्हणाले. "तीन दिवसांत पट्टा राखीव. वाळू वाचली, नदी वाचली. कुणाचं वाटोळं केलंय आपण? ती पाणमांजराची लबाडी मुद्दाम केलेली. आपण काय मुद्दाम केलंय?"

"आत्तापर्यंत नाही केलं," मुल्लाबाई म्हणाल्या. "आता गप बसलो तर मुद्दामच होईल."

"बाई, तुमी तत्त्वाचं बोलू नका. तराफा तत्त्व बघत न्हाई."

"मी व्यवहाराचंच बोलते. उद्या वाळू उपसणाऱ्यांनी दुसरा डबा आणला आणि मंगळवारी नमुना घेतला, तर? पट्टाही जाईल आणि पुढे आपण खरं बोललो तरी कुणी ऐकणार नाही."

अण्णा माझ्याकडे वळले. "तुझं काय? तू चार आठवड्यांनी जाशील. आमाला ह्याच काठावर ऱ्हायचंय."

त्यांचं खरं होतं, म्हणूनच ते लागलं. नोंदीवर सही माझी होती. मागे घेणं न घेणं माझ्या एकटीच्या हातात होतं. मागे घेतली तर वाळू जाणार. आणि कारण लिहावं लागणार: बाहेरचं पाणी, कुणी आणलं, कधीपासून. म्हणजे जिच्या हातची भाकरी खात होते तिचंच नाव. गाव म्हणणार, गुरवीणबाईच्या कळशीने घोळ केला.

म्हणून आधी काकूंना सांगितलं. चुलीपुढे बसून, जमेल तेवढ्या सोप्या भाषेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भाकरी उलटली आणि विचारलं, "देवडोहाचं पानी बाहेरचं कसं गं? ही तांबरी आणि ती तांबरी येकच की. वरचं पानी खालीच येतंय. मी जरा गाडीनं आणते, येवढंच."

"काकू, वाटेत ते पाणी बदलतं. चौदा किलोमीटरमध्ये त्यातला माशांचा अंश विरून जातो. तुम्ही तो ताजा आणता. डब्याला वाटतं, मासा इथेच आहे."

"आन् मग तू काय करणार?"

"खरं ते लिहिणार. तुमचं नाव लिहावं लागेल."

मला वाटलं, त्या रागावतील. त्यांनी ताटलीत भाकरी टाकली. "लिही की. मी काय चोरी केलीया? नाव नीट लिही. अनसूया महादेव गुरव. लोक 'अनुसया' लिवत्यात."

मंगळवारी सकाळी मी तिन्ही नोंदी मागे घेतल्या. त्या दिवशी अण्णांनी मला जीपने सोडलं, पण मान वळवून विचारलं नाही. गाडी सरळ निघाली. "बसले का सगळे?" हे वाक्य कानावर न पडल्याने डोळ्यात पाणी येईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

गुरुवारी पट्ट्यात तीन ठिकाणी नव्याने नमुने घेतले. खडशी कुठेच नाही. तेही मी नोंदवलं: 'आढळला नाही.' रात्री जेवताना काकूंनी विचारलं, "न्हाई म्हणूनबी लिवावं लागतंय?"

"लिहायलाच पाहिजे असं नाही. पण आहे ते लिहायचं आणि नाही ते झाकायचं, तर मग लिहून उपयोग काय?"

काकूंनी मला एक भाकरी जास्त वाढली, एवढंच.

पुढच्या सोमवारी त्यांचा घोटा उतरला आणि त्या स्वतः कळशी घेऊन आल्या. मी देवळात डोकावले तर गोमुखाला ओल्या गोणपाटाचा बोळा घट्ट कोंबलेला, आणि खाली हंडा.

"अभिषेक चुकवायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "पर तुजा डबा येडा व्हायला नगं. हे पानी माज्या केळीला."

केळ देवळामागे होती, नदीपासून चांगली लांब. मी त्यांच्याबरोबर हंडा उचलला. अर्धं आयुष्य एका पद्धतीने केलेलं काम या बाईने माझ्या एका सांगण्यावरून एका गोणपाटाच्या बोळ्याने बदललं होतं, आणि कुरकुर म्हणून नाही. मी त्यांना तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हंडा नीट धर."

मंगळवारी भर दुपारी मी अहवाल लिहीत बसले होते. सुनावणी तीन दिवसांवर होती आणि अहवालात सांगण्यासारखं काहीच नव्हतं. काकू दारात आल्या. डोक्यावर पदर, हातात धुण्याचा पिळा.

"चल. डबा घे. आन् एक कबूल कर. मी दावीन तिकडं बोट करायचं न्हाई."

"म्हणजे?"

"काकडीच्या कोवळ्या कळीला बोट दावत्यात का?"

नाही दाखवत. बोट दाखवलं की ती कुजते, असं माझी आजीही म्हणायची. मी दोन्ही हात डब्याच्या पट्ट्यात अडकवले आणि निघाले.

घाटापासून बरंच खाली, जिथे धुणं धुवायलासुद्धा कुणी जात नाही, तिथे काठाच्या खडकांमागे एक झरा उतरतो. खडकांनी अडवलेलं त्याचं छोटं डबकं, गुडघाभर खोल, तळाला वाळू आणि गोटे. नदीशी त्याचा संबंध हातभर रुंदीच्या एका फटीएवढाच. काकू काठावर बसल्या, हनुवटी किंचित उचलली आणि म्हणाल्या, "आता गप बस."

मी गप बसले. ऊन तळापर्यंत पोचत होतं. आधी नुसते गोटे दिसले. मग एका गोट्याची सावली हलली. मग दुसऱ्या. बोटाच्या लांबीची पिल्लं, शेपटीशी पिवळसर, एकदा नजर बसल्यावर दहा, वीस, मग मोजता येईनात. देवडोहातल्या त्या म्हाताऱ्यांचीच ठेवण.

"काकू! ही—" माझा हात वर गेला. काकूंनी तो मनगटाला धरून खाली घेतला.

"कधीपासून आहेत ही?"

"दर साली. पावसाळा सरला की दिसत्यात."

"मग इतके दिवस तुम्ही बोलला का नाहीत?"

काकूंनी पिळा मांडीवर घेतला. "मालकांनी एकदा दावली हुती. पावणे आल्ते, मोठ्या कौतुकानं बोट केलं. पंदरा दिवसांत पानी पांढऱ्या पोटांनी भरलं. सुरुंग लावला हुता कुनीतरी. मालक त्या दिवशी जेवले न्हाईत. मला म्हनाले, हितनं फुडं कुनाला दावायचं न्हाई. मी न्हाई दावलं. गाव म्हनालं खडशी संपला, मीबी म्हनलं संपला."

"आणि मला?"

"तुला खोटं सोप्पं हुतं. निस्तं गप बसायचं हुतं तुला. न्हाई बसलीस." त्या पाण्याकडे बघत राहिल्या. "आन् तराफा आला तर बोट दावायलाबी काय उरनार न्हाई."

पाच आठवडे मी त्यांच्या घरात जेवत होते आणि या नदीबद्दल त्यांना काय माहीत आहे, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"काकू, तुमच्या कळशीतून आली का ही?"

"कळशीत काय मासा धरनार हाय मी? पुराबरोबर खाली येत्यात त्यांची ती. वरच्या घरचं पानी तेवढं आनून घालायचं, वळख ऱ्हावी म्हनून."

मी बाटली फटीपाशी बुडवली. या वेळी डब्यात दुसरी कुपी घातली, डीएनएऐवजी आरएनए वाचणारी. दोन्हीतला फरक सांगायला मुल्लाबाईंचीच पद्धत बरी. डीएनए म्हणजे दाराबाहेरची चप्पल. माणूस आत असेल, किंवा चप्पल विसरून गावालाही गेला असेल. चार दिवस ती तिथेच राहते. आरएनए म्हणजे ओसरीवरचा गरम चहा. पेशी जिवंत असताना तो तयार होतो आणि पाण्यात काही तासांत मोडतो. तो सापडला तर मासा आत्ता, इथे आहे. शिवाय वाढत्या पिल्लाचा आरएनए वेगळा आणि म्हाताऱ्या माशाचा वेगळा, कारण दोघांच्या शरीरातली चालू कामं वेगळी. चौदा किलोमीटरवरून कळशीने किंवा प्रवाहाने तो इथवर तसाच पोचणं शक्य नव्हतं, आणि झऱ्याचं पाणी तर जमिनीतून येत होतं.

चाळीस मिनिटं काकू धुणं न धुता बसून राहिल्या. डब्याचा पडदा उजळला. खडशी. जिवंत. या पावसाळ्यातली पिल्लं.

मी काकूंना मिठी मारली. त्यांनी "अगं पडशील पान्यात" म्हणत मला घट्ट धरून ठेवलं.

आता नोंद. प्रतिज्ञेचं वाक्य मी या वेळी दोनदा वाचलं आणि मगच टिचकी मारली. पुढच्या पानावर तांबरीचा नकाशा उघडला आणि खाली सूचना आली: 'नमुन्याच्या जागेवर बोट ठेवा.'

मी बोट ठेवणार होते. अर्ध्यावर ते थांबलं. ही नोंद सगळ्या राज्याला दिसते. उद्या कुणीही घरबसल्या हे डबकं शोधेल. मी मुल्लाबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक पर्याय आहे. संवेदनशील जागा, फक्त पट्टा दाखवा. त्याला दोन साक्षीदार लागतात. मी येते. अण्णांना घेऊन येते."

"अण्णा येतील?"

"जीपची किल्ली त्यांच्याकडेच असते."

अण्णा आले. काठावर उकिडवे बसले. काकूंनी हनुवटी उचलली, अण्णांनी बघितलं. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "वैनी," ते म्हणाले, "मी तीस वर्षं ह्या काठानं गाडी नेली." एवढंच बोलले. साक्षीदाराची सही केली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

नोंदीत एक रकाना होता: 'प्रथम निरीक्षण कोणाचे?' मी लिहिलं, अनसूया महादेव गुरव. काकूंनी पडद्यावर वाकून अक्षर न् अक्षर तपासलं.

परत निघालो. काकू आणि मुल्लाबाई मागे, मी पुढे, डबा मांडीवर. अण्णांचा डावा हात नसलेल्या गिअरवर गेला, आणि थांबला. त्यांनी मान वळवली.

"बसले का सगळे?"

"बसले," मी म्हटलं. माझा आवाज जरा मोठाच निघाला.

शुक्रवारच्या सुनावणीत फार काही घडलं नाही. पिल्लांची नोंद होती, पट्टा राखीव झाला, तराफा आलाच नाही. अण्णांनी पुन्हा पेढे वाटले आणि या वेळी पहिला पेढा काकूंना दिला. गोमुखाचा बोळा निघाला. सोमवारचं पाणी पुन्हा पन्हळीतून नदीत पडू लागलं, आणि मंडळाच्या वहीत मुल्लाबाईंनी ठळक लिहून ठेवलं की नमुना घ्यायचा तो गुरुवारी. केळीला मात्र त्या एका हंड्याचा भलताच मान चढला. तिला धरलेला घड देवाचा म्हणून काकू कुणाला हात लावू देईनात. मी निघाले तेव्हा त्यातली एक फणी माझ्या पिशवीत होती.

कॉलेजात तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. मोठे विद्वान, अहवाल बारकाईने वाचलेला. सगळं विचारून झाल्यावर त्यांनी तांबरीचा नकाशा टेबलावर पसरला.

"पिल्लं नेमकी कुठे सापडली? इथे बोट ठेवून दाखव."

मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "सर, पट्टा सांगते. बोट नाही ठेवणार."

"का?"

"काकडीच्या कोवळ्या कळीला आपण बोट दाखवत नाही, सर."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग वहीत काहीतरी लिहिलं. निकालात दोन मार्क कमी आले. मी काकूंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, पिल्लं आता चांगली वीतभर झालीत.